झाकून ठेवलेलं ताट

बुद्धभूषण तायडे दिवसातून सात वेळा खायचा, आणि वयाचं बावन्नावं वर्ष लागेपर्यंत हे त्याला ठाऊक नव्हतं. सावद्याच्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सकाळपासूनचं सगळं वदवून घेतलं, तेव्हा कुठे आकडा बाहेर आला. घरून निघताना चहा आणि पोळीचा कुस्करा. पोस्टात टपाल लावता लावता पोहे. वाटेवरच्या मळ्यात झुलालनानांची भाकरी. करंजखेड्यात दुपारी मंजुळाबाईंकडे ताट. पाच वाजता त्याच गावात आईच्या हातचं. सावद्याला परतला की चौकात भजी. आणि मग बायकोला वाईट वाटू नये म्हणून घरी पुन्हा साग्रसंगीत जेवण.

"यातलं भूक लागली म्हणून खाल्लेलं एकही नाही," डॉक्टर म्हणाले. "सगळं कुणी तरी आग्रह केला म्हणून."

बुद्धभूषणला वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. सव्वीस वर्षं तो करंजखेड्याचं टपाल वाटत होता. माणूस गडगडाटी हसणारा, दारात मोपेड थांबली की आतल्या बायका पाट सरकवणार, असा त्याचा थाट. पण वजन शहाण्णव किलो झालं होतं, साखर काठावर आली होती, आणि जिना चढताना छातीत काही तरी अडकायचं. त्याचा बाप पितांबर केळीचे घड वाहणारा मजूर होता. त्रेपन्नाव्या वर्षी एका दुपारी छातीला हात लावून तो बांधावर टेकला, तो उठलाच नाही. बुद्धभूषणला त्रेपन्नावं लागायला आठ महिने होते. बापाचं वय आपण ओलांडणार की नाही, एवढा एकच प्रश्न त्याच्यापुढे होता.

डॉक्टरांनी सांगितलं, दिवसातून दोनदा जेवा. सकाळी अकराला आणि संध्याकाळी साडेसातला. मधे पाणी. घरी यावर मोठी चर्चा झाली. जळगावला शिकणारी मुलगी प्रज्ञा फोनवर म्हणाली, पप्पा, थोडं थोडं सहा वेळा खातात आता. पोस्टातला धम्मपाल म्हणाला, किती वेळा खाल्लं याला काही अर्थ नाही, एकूण किती खाल्लं ते बघायचं. बायको सपना म्हणाली, काय ते एकदा ठरवा, म्हणजे मला कणीक मळता येईल. बुद्धभूषणनं दोनच वेळा धरल्या, कारण दोन लक्षात ठेवायला सोप्या. मोपेड मागच्या पडवीत लावून त्यावर पोतं टाकलं, आणि जुनी सायकल काढली.

पोहे सुटले, भजी सुटली. अडचण उरली करंजखेड्याच्या वाटेवरच्या तीन घरांची.

मंजुळाबाईंचं घर गावातलं मोठं, पाटलाचं. त्या घरी पितांबर घड उतरवून आला की ओट्याखाली उभा राहायचा, आणि त्याच्या ओंजळीत वरून पाणी सोडलं जायचं. बुद्धभूषणनं लहानपणी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्याच घरात, त्याच मंजुळाबाई आता त्याच्यासाठी आत पाट मांडायच्या आणि वाढताना भाकरीवर तुपाची धार धरायच्या. कुणी कधी त्याबद्दल बोललं नव्हतं. त्या पाटावर बसलं की बुद्धभूषणला वाटायचं, आपल्याबरोबर बापही जेवतोय. असं ताट नको म्हणायला त्याची जीभ रेटेना. मग तो आमच्याकडच्या माणसानं करावं तेच करून बसला. आमच्याकडे ताटाला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही.

"मंजुळाबाई, झाकून ठेवा," तो म्हणाला. "येतो मी नंतर."

आणि कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं परस्पर निघून गेला. झुलालनानांनाही तेच सांगितलं. आईलाही तेच. सकाळी लवकर तिच्या दारात सायकल टेकवायची, मोतीबिंदूनं अधू झालेल्या तिच्या डोळ्यांचे थेंब आणि रक्तदाबाच्या गोळ्या कोनाड्यात ठेवायच्या, "माय, झाकून ठेव, येतो," म्हणायचं आणि निघायचं. पाचला तिच्याकडे बसलं की खाणं आलंच. त्यामुळे त्यानं बसणंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही, का रे आला नाहीस? तिसऱ्या दिवशीही नाही. याला वाटलं, लोक समजून घेताहेत. शहाण्या माणसाला तिथेच शंका यायला हवी होती. तुमच्या नावानं कुणी रोज ताट झाकून ठेवतं, तुम्ही जात नाही, आणि कुणाची काही तक्रार नाही, असं आपल्या मुलखात घडतं का कधी?

दीड महिन्यात अकरा किलो उतरले. सपनानं शर्ट मशीनवर आत घेतले. तो खूश होता.

एक दिवस झुलालनाना मळ्याच्या झोपडीबाहेर भेटले. केळीच्या पानांआड ऊन हिरवट होऊन पडलं होतं. "काल ठेचा लई तिखट झालता का रे भो?" नानांनी विचारलं. "दोनदा पानी मांगतलं तू."

"मी कुठे आलो काल, नाना?"

नाना हसले. त्यांचं वय ऐंशीच्या घरात, म्हणून बुद्धभूषणनं ते सोडून दिलं. पण पुढच्याच आठवड्यात मंजुळाबाईंनी त्याला ओट्यावरून हटकलं. "सकायी नुसतं झाकून ठेवा म्हनतं, अन दुपारी येऊन दोन पोया जास्त खातं. मले त गंमतच वाटते तुही. आधी बोलून टाकत जाय ना, भूक लई आहे म्हनून." मागच्या मोरीत एक ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. त्याचंच ताट, काठाला पोचा पडलेलं. "अन ते सायकल फक्त सकायीच असते काय? दुपारी त फटफटीवर येतं."

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर तो आधी पडवीत गेला. मोपेड जागच्या जागी होती. वर पोतं होतं. पोत्यावर धूळ होती. त्यानं खाली हात घालून इंजिनाला लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला होता.

"आज कुणी गाडी काढली?" त्यानं सपनाला विचारलं.

"किल्ली तर खिळ्याला आहे," ती म्हणाली. "तुम्हाला काय झालंय? घाम फुटलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी टपाल संपवून तो मंजुळाबाईंच्या घरासमोरच्या मारुतीच्या देवळात जाऊन बसला. वैशाखाचं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. दोनच्या सुमाराला मोपेडचा आवाज आला. ओळखीचा, सायलेन्सर फुटल्यापासून ती खोकल्यासारखी वाजायची. आवाज गल्लीत शिरला, ओट्यापाशी आला आणि थांबला. गल्ली तशीच रिकामी. मग घरातून हसणं ऐकू आलं. तोच गडगडाट, जो त्याच्या स्वतःच्या तोंडून गेल्या दोन महिन्यांत एकदाही निघाला नव्हता. बुद्धभूषण उठला आणि दारापर्यंत गेला.

उंबऱ्याबाहेर त्याच्या चपला काढलेल्या होत्या. त्याच्या पायात होत्या, त्याच. आत पाटावर एक माणूस पाठमोरा बसला होता. रुंद पाठ, खाकी शर्ट बगलेखाली ताणलेला, उजव्या खांद्यावर सपनानं लावलेलं चौकोनी ठिगळ. बुद्धभूषणनं आपल्या खांद्यावर हात नेला. ठिगळ बोटांना लागलं. आतला माणूस सावकाश जेवत होता. मंजुळाबाई समोर बसून त्याला वारा घालत होत्या आणि त्याच्या बापाची चौकशी करत होत्या. तो सांगत होता, आमचे बाबा घड उचलायचे ना, तेव्हा असं करायचे, तसं करायचे. बुद्धभूषणनं या घरात बापाचं नाव कधी काढलं नव्हतं. त्याची हिंमत झाली नाही आत पाऊल टाकायची. तो मागच्या मागे सरकला, सायकल हातात धरून पळत सुटला, आणि पार शिवेवर येऊन थांबला.

मग गोष्टी भराभर बिघडत गेल्या. वजन अडुसष्टवर आलं तरी थांबेना. त्याचा फोन चेहरा बघून उघडायचा, तो उघडेनासा झाला. करंजखेड्यात पोरं त्याला विचारायची, काका, ते पोस्टवाले भाऊ सुट्टीवर आहेत का? चावडीवरचे लोक दुपारच्या त्या दुसऱ्याला हाक मारायचे, सकाळच्या याला नाही. डॉक्टरांच्याही कपाळाला आठी पडली. "आता थांबायला हवं होतं," ते म्हणाले. "दोन वेळा नीट जेवताय ना?" तो जेवत होता. दोन्ही वेळा पोटभर. अंगाला मात्र काही लागत नव्हतं.

शेवटी त्यानं झुलालनानांना सगळं सांगितलं. म्हातारा न हसता ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू खरंच येत नव्हता?"

"नाही, नाना."

"अन येतो म्हनत व्हता रोज." नानांनी झोपडीतल्या टोपल्याकडे बघितलं. तिथे एक भाकरी फडक्याखाली होती. "मी तुह्या नावानं झाकलं. अन्न वाट पाहतं रे. तू नाही आला, त कोनी तरी याले नको का?"

बुद्धभूषणला ते ऐकून इतक्या उन्हात काटा आला. आणि त्याच वेळी आपलं काय चुकलं तेही समजलं. "नाना," तो म्हणाला, "मी खोटं बोललो. मला दोनच वेळा जेवायला सांगितलंय. माझ्या नावानं झाकू नका."

नानांना लागलं. पण त्यांनी फडकं काढलं, भाकरी मोडली, आणि त्याच्यासमोर बसून स्वतः खाल्ली. त्या दिवसापासून झोपडीकडे मोपेड वळली नाही.

मंजुळाबाईंकडे जायला त्याला चार दिवस लागले. पाटावर न बसता, उंबऱ्याशी उभा राहून तो बोलला. "आमच्या घरचं नको झालं का आता?" एवढंच म्हणाल्या.

"तसं नाही. माझ्या बापाला इथे वरून पाणी मिळायचं. मला पाट मिळाला. तो नको कसा म्हणू, म्हणून खोटं बोलत राहिलो."

सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदा त्या घरात बोललं गेलं. मंजुळाबाईंनी पदराच्या टोकाला पीळ दिला. "पानी मीच टाकत व्हते," त्या म्हणाल्या. "सासू सांगे, तसं." मग उठून त्यांनी पाट आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. "हा तुहा आहे. जेव, नको जेवू. बसत जाय." तो बसला. एक पेला पाणी प्यायला आणि उठला. बाहेर पडताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याची लाज वाटली नाही.

आता राहिलं एकच घर, आणि ते सगळ्यांत सोपं असं त्यानं धरलं होतं. आई काय, आपलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कोनाड्यात गोळ्या ठेवल्या आणि म्हणाला, "माय, आता पाचले माह्यासाठी झाकून ठेवू नको."

आई, केसरबाई, बाजेवर बसली होती. तिनं आवाजाच्या रोखानं मान वळवली. "तुह्यासाठी कायले झाकीन, बापा? माहा पोरगा येतो पाचले."

"माय, मी भूषन."

"भूषन पाचले येतो. बसतो, जेवतो, त्याच्या बापाच्या गोष्टी सांगतो. मले हसवतो." तिनं हात पुढे करून त्याचं मनगट चाचपलं, आणि सोडून दिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. अनोळखी पोराशी बोलावं तसं ती मायेनं बोलत होती. "एवढासा हात. तू रोज सकायी गोया ठेवून जातो, उभ्या उभ्या. दवाखान्यातून येतो ना? चांगलं पोरगं आहे. जेवत नाही वाटते नीट."

बुद्धभूषण कसाबसा बाहेर आला. निंबाखाली सायकलच्या कॅरिअरला धरून उभा राहिला. इथे 'झाकू नको' म्हणण्यात काही अर्थ नव्हता. आई मुलासाठी झाकत होती, आणि मुलगा रोज येत होता. चार महिने येत होता. हा मात्र चार महिन्यांत तिच्याजवळ एकदाही टेकला नव्हता. बापाचं वय ओलांडायच्या नादात आपण आईच्या घरातून उठून गेलो, आणि रिकामी झालेली जागा कुणी तरी घेतली, हे त्याला तिथे उन्हात उभ्या उभ्या उमगलं. मरणाची भीती त्याला होतीच. पण जिवंतपणी आपल्या आईला आपण परके होऊन बसतो, ही भीती तिच्याहून मोठी निघाली.

त्या दिवशी तो पावणेपाचलाच आला. न बोलता आत शिरला. चुलीजवळ पाट मांडलेला, पुढे ताट, ताटावर दुसरं ताट पालथं. आई मागच्या दारी भांडी घासत होती. तो पाटावर बसला. दाराकडे पाठ झाली. त्यानं झाकण काढून बाजूला ठेवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं, कांदा फोडलेला होता. पहिला घास उतरेना. त्यानं पाण्याबरोबर तो गिळला आणि दुसरा मोडला.

पाचला मोपेड आली.

ती निंबाखाली थांबली. स्टँड लावल्याचा खट् आवाज झाला. मग जड पावलं, चपला घासत चालणारी, त्याची स्वतःची जुनी चाल. पावलं उंबऱ्याशी आली आणि दारातून येणारा उजेड अडला. ताटातली भाकरी काळी दिसायला लागली. मानेवर कुणाचा तरी श्वास लागत होता, पोटभर जेवणाऱ्या माणसाचा, जोरकस. बुद्धभूषणनं वळून बघितलं नाही. त्याला ठाऊक होतं, वळला तर उठावं लागेल, आणि एकदा उठला की पाट गेला.

"कोन आलं रे?" आईनं मागून विचारलं.

त्याच्या घशात घास होता. तो त्यानं आधी गिळला. "मी आलो, माय. भूषन. जेवतो आहे."

भांड्यांचा आवाज थांबला. आई हात पुसत आत आली आणि त्याच्यासमोर बसली. तिचे धुरकट डोळे त्याच्यावरून दाराकडे गेले आणि परत त्याच्यावर आले. "आज सावकाश जेवतो," ती म्हणाली.

"हो."

"आनखी अर्धी देऊ?"

आयुष्यभर त्यानं या प्रश्नाला एक तर हो म्हटलं होतं, नाही तर नंतर. "नको, माय," तो म्हणाला. "पोट भरलं." मग त्याला आठवलं म्हणून म्हणाला, "आपले बाबा घड उचलताना काय म्हणायचे, ते सांग ना."

आई सांगायला लागली. सांगता सांगता हसली. तो ऐकत बसला. मधे केव्हा तरी ताटात उजेड परत आला. मोपेड सुरू झाल्याचा आवाज मात्र त्याला आला नाही. बाहेर आला तर ती निंबाखाली उभी होती, किल्ली तिलाच, आणि इंजिन थंडगार. सायकल आईच्या दारात ठेवून ती तो ढकलत सावद्याला घेऊन गेला.

त्यानंतर वजन बहात्तरवर आलं आणि तिथेच राहिलं. फोनही आपोआप उघडायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, आता किती वेळा जेवता? तो म्हणाला, तीन. दोन सांगितल्या होत्या, डॉक्टर म्हणाले. "तिसरी आईबरोबरची आहे," तो म्हणाला, "ती अर्धीच असते." डॉक्टरांनी कागदावर तीन लिहिलं. पुढे त्रेपन्नावं लागलं, आणि बाप बांधावर टेकला होता तो दिवसही तारखेसकट मागे पडला.

त्या दिवशी पाचला तो आईकडे आला, तेव्हा ती खुशीत होती. "ये, भूषन," म्हणाली. चुलीजवळ दोन पाट होते. दोन ताटं, दोन्हींवर झाकण.

"दुसरं कोनाचं, माय?"

"ते पोरगं नाही का, दवाखान्यातलं. सकायी गोया ठेवून जाते ते. लई बारीक झालतं रे. मी म्हनलं, त्याच्याही नावानं झाकाव."

बुद्धभूषणचा हात झाकणावरच थांबला. बाहेर निंबाखाली त्याची सायकल होती. तिची घंटी एकदा वाजली, हलकेच, जसं कुणी हँडल धरून अजून उतरायचं की नाही ते ठरवतंय. आईनं दाराकडे तोंड फिरवलं आणि तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं.

त्यानं आपल्या ताटावरचं झाकण काढलं. मग हात लांब करून दुसऱ्या ताटावरचंही काढलं, दोन्ही ताटं एकमेकांना चिकटवून आपल्या पुढ्यात ओढली, आणि दाराकडे न बघता दोन्हींतली अर्धी अर्धी भाकरी मोडून घेतली.